ओ देऊ नको

हे मी लिहिणार नव्हतो. तीन वेळा फोनवर टाइप केलं आणि तिन्ही वेळा पुसलं. तोरसकर मॅडम म्हणाल्या, लिहू नकोस, तुलाही त्रास आणि मलाही. आई म्हणाली, गप बस. भाग्या एकटाच म्हणाला, "लिही. नायतर जेका वाचूक व्हया, तेका कळतला कसा?"

ज्याने हे वाचायला हवं तो कोण, हे मला माहीत नाही. खरी भीती तीच आहे.

माझं नाव रोहिदास कोयंडे. कालवी बंदरावर बर्फाच्या कारखान्याला लागून माझी टपरी आहे. मी होड्यांचे वायरलेस सेट दुरुस्त करतो. शिकलो कुणाकडे नाही. बारावीनंतर बिघडलेले सेट खोलत बसलो, बघत बसलो, हात भाजून घेतला, हळूहळू जमायला लागलं. मला एका दमात लिहिता येत नाही. जमेल तसं लिहितो. पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

आधी हाकांचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे दर्यात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच. पाण्यातलं जे काही असतं, ते दोनच हाका मारतं. तिसरी मारायची ताकद त्याला नसते. म्हणून दोन हाका येऊन थांबल्या तर तोंड बंद करायचं, जाळं उचलायचं आणि सरळ घराकडे निघायचं. वाटेत कुणाशी अक्षर बोलायचं नाही. ओळखीच्या माणसाने तीनदा हाक मारेपर्यंत नाही.

हे होड्यांना वल्ही होती तेव्हाचं. पण वायरलेस आला तरी ते सुटलं नाही. आमच्या मच्छीमार सोसायटीचे सारंग आबा रोज दुपारी चारला सेटवर हजेरी घेतात. प्रत्येक होडीचं नाव तीनदा. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, तिसऱ्या हाकेला ओ देतो. मी शाळेत असताना आबांना विचारलं होतं, तीनदा कशाला, बॅटरी जाते. आबा म्हणाले, "बॅटरी गेली तर भरूक येता."

भाग्या म्हणजे भाग्येश टिकम. 'सातेरी प्रसाद' या होडीचा तांडेल, माझा पहिलीपासूनचा दोस्त. त्याला तुम्ही वायरलेसवर ऐकायला हवं होतं. माकूल मासळी किती मिळाली इथपासून काल जेवणात मीठ किती होतं इथपर्यंत सगळं सांगणार. बाकीचे तांडेल ओरडायचे, "अरे, तुझ्या तोंडात भाकरी कोंब कोणतरी!" पण असा बडबड्या माणूससुद्धा पहिल्या दोन हाकांना कधी ओ द्यायचा नाही. मी चिडवायचो तर म्हणायचा, "माझी जीभ लांब आसा, पण माका ती व्हयी आसा."

आता मॅडम.

आमच्या टेकडीपलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळावर, दोन वर्षांपूर्वी एक केंद्र झालं. पांढऱ्या तीन तबकड्या, कुंपण, बंदूकवाला शिपाई. डॉ. सुलभा तोरसकर तिथल्या प्रमुख. मार्चमध्ये त्या स्वतः माझ्या टपरीवर आल्या. म्हणाल्या, या बंदरातला प्रत्येक सेट तुझ्या हाताखालून गेलाय असं ऐकलं, मला प्रत्येकाचा नमुना हवाय. मला म्हणाल्या, "तंत्रज्ञ म्हणून ये." तंत्रज्ञ! आजवर मला सगळे 'वायरलेसवालो रोह्या' म्हणत होते. मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

पहिल्या दिवशी त्यांनी समजावलं ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं.

"वर आमचे श्रवण-उपग्रह आहेत," त्या म्हणाल्या. "ते बघत नाहीत, ऐकतात. तीन-तीनच्या तिकड्या. दर पंचवीस मिनिटांनी एक तिकडी आपल्या डोक्यावरून जाते. समज, देवळात घंटा वाजली. तीन घरांतल्या तीन माणसांनी ऐकली. एकाला आधी ऐकू आली, दुसऱ्याला किंचित उशिरा, तिसऱ्याला अजून उशिरा. तिघांची घड्याळं अगदी एक असतील तर?"

"तर देऊळ कुठे आहे ते काढता येईल."

"बरोबर. कुठल्याही होडीने सेटचं बटण दाबलं की ती घंटा. शे-दोनशे मीटरच्या आत जागा कळते."

"पण कोण बोललं ते कसं कळणार? माणसं नाव खोटं सांगतात."

त्या हसल्या. "नाव ऐकतंय कोण? बटण दाबल्यावर आवाज बाहेर पडायच्या आधी सेट एक झटका देतो. सेकंदाचा हजारावा भाग. लहर वर चढते, जरा हेलकावते, मग स्थिर होते. प्रत्येक सेटची चढायची तऱ्हा वेगळी. एकाच कारखान्यातल्या शेजारशेजारच्या दोन सेटांचीही सारखी नसते. आम्ही त्याला स्वरठसा म्हणतो."

"म्हणजे बोलण्याआधीचा खाकरा," मी म्हटलं. "आमच्या आजोबांचा खाकरा ऐकला की गल्लीत कळायचं कोण आलं ते."

त्यांना तो शब्द फार आवडला. मग केंद्रात सगळेच खाकरा म्हणायला लागले.

त्यांच्याकडे एक काळी यादी होती. नाव बदलून, रंग बदलून फिरणारी जहाजं. तेलजहाजाखाली सुरुंग सोडून पसार झालेली. अशा जहाजाचा खाकरा लागोपाठ दोन तिकड्यांनी ऐकला की सुसर निघते. सुसर म्हणजे माणूस नसलेली, अर्धी पाण्याखाली चालणारी होडी. पोटात स्फोटाची दारू भरलेली. जहाजाच्या तळाखाली जाते आणि फुटते.

"तिला थांबवायचं असलं तर?" मी विचारलं.

"नाही थांबवता येत. मुद्दामच तसं केलंय. आपण रेडिओवरून तिला परत बोलावू शकलो, तर शत्रूही बोलावू शकेल. म्हणून एकदा सुटली की ती कुणाचाच हुकूम ऐकत नाही. फक्त तिकड्यांकडून जागा घेते. सगळ्यात ताजी जागा. पण एक काळजी घेतलीय. शेवटच्या मैलात ती स्वतः ऐकते. खाकरा कानावर पडला आणि जुळला, तरच फुटते. नाही पडला तर तिथेच थांबून ऐकत राहते. अठ्ठेचाळीस तास. मग परत जाते."

"आणि चूक झाली तर?"

"खाकरा खोटा काढता येत नाही, रोहिदास. माणूस बदलेल, जहाज बदलेल. सेट तोच राहतो."

इथे मी बोलायला हवं होतं.

कारण बंदरावर सेट तोच राहत नाही. ह्याची पट्टी काढून त्याला लावायची, त्याचं बटण ह्याला. तीन मेलेल्या सेटांतून एक जिवंत करायचा. माझं सगळं काम तेच आहे. सेटमध्ये एक बोटभर पट्टी असते, तिच्यातून आवाज लहर होऊन बाहेर पडतो. मॅडमचा खाकरा त्या पट्टीत असतो, हे मला तेव्हाच उमगलं होतं. पण मी तंत्रज्ञ होतो ना. भंगारातून काम चालवतो हे कसं सांगणार? मी मान हलवली. एप्रिलमध्ये सगळ्या सेटांचे नमुने घेतले. जून-जुलै मासेमारीची बंदी. बंदीत सगळ्या होड्यांचे सेट दुरुस्तीला माझ्याकडे येतात. मी नेहमीसारखे खोलले आणि नेहमीसारख्या पट्ट्या बदलल्या.

यंदा तीन पट्ट्या फार चांगल्या मिळाल्या होत्या. कुठल्यातरी फुटलेल्या परदेशी जहाजाच्या. भंगारवाला म्हणाला होता, असला माल परत येणार नाही.

सीझन सुरू होऊन दुसरा आठवडा, पण वाऱ्यामुळे होड्या त्याच दिवशी पहिल्यांदा बाहेर पडल्या होत्या. दुपारी पावणेतीनला मी केंद्रात होतो. पडद्यावर लाल ठिपका. मॅडम उभ्या होत्या, खुर्ची मागे पडलेली.

"यादीतलं एकोणीस नंबर," त्या म्हणाल्या. "चौदा महिने गप्प होतं. आज बारा चाळीसला बोललं. एक पाचला परत बोललं. आपल्यापासून पंचवीस मैलांवर! सुसर एक दहाला निघालीय. चार पंचवीसला पोचेल."

मला आधी चांगलंच वाटलं, खरं सांगतो. मग पडद्यावर जागा बघितली. माकुलीची जागा होती ती. सकाळी भाग्या म्हणाला होता, आज सगळ्यांच्या पुढे जातो.

"मॅडम, आवाज ऐकू या ना."

"आवाजाचं काय करायचंय? खाकरा जुळलाय."

"तरी लावा."

त्यांनी लावला. खरखर. मग तुटत तुटत, "...माझ्या मेव्हण्याक सांग, लग्नात नाचूचा नाय, मांडव पडतलो..." आणि हसणं.



"मॅडम, हो भाग्या. आमचो भाग्या," मी म्हटलं. मालवणीतच बोललो, कळलंच नाही. मग पट्टीचं सगळं सांगितलं. भंगार, फुटलेलं जहाज, बंदीतली दुरुस्ती. त्यांनी मला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त हळू म्हणाल्या, "म्हणजे एकोणीस नंबर कधीच तुटलंय. आम्ही तुझ्या मित्राला..." 

त्यांनी वर फोन लावला. मी एका बाजूचंच ऐकत होतो. "हो, मच्छीमार... सहा माणसं... नाही, डोळ्यांनी बघितलं नाही... समिती? समिती कधी बसणार?... पण सुसर सुटलीय!" मग बराच वेळ नुसतं "हं" आणि "हं". फोन ठेवून म्हणाल्या, "यादीतून नाव काढायला पुरावा लागतो. आणि काढलं तरी सुटलेल्या सुसरीला ते सांगायचा रस्ता नाही."

"मग भाग्याला सांगू या. गप्प बस म्हणून. तुम्हीच म्हणालात, ऐकू आलं नाही तर फुटत नाही."

केंद्राचा सेट नवाकोरा होता, अँटेनाची डोलकाठी उंच. मी बटण दाबलं. "भाग्या! भाग्या! भाग्या! रोह्या बोलतंय. ओ देऊ नको! सेट बंद कर! ओ देऊ नको!"

बटण सोडलं. लगेच उत्तर. "...तेरी प्रसाद बोलतंय! कोण, रोह्या? काय म्हणतंस? आवाज तुटता, परत सांग!"

तिकडी नेमकी डोक्यावर होती. पडद्यावर लाल ठिपका टचकन नव्या जागी.

"भाग्या, बोलू नको! सेट बंद!"

"काय बंद? बर्फ बंद? अरे मोठ्यान बोल मेल्या, आयकाक येणा नाय!"

पुन्हा ठिपका. मी पुन्हा बटण दाबणार तर मॅडमनी माझं मनगट धरलं. "तू बोललास की तो बोलतो, रोहिदास."

पंचवीस मैलांवर आवाज पोचतो पण शब्द पोचत नाहीत. कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं. आणि कुणी बोललं की भाग्या उत्तर देणारच. दुसऱ्या होडीकडून निरोप द्यावा, तर ती होडी सांगणार, भाग्या, बोलू नको. भाग्या म्हणणार, बरा, नाय बोलणार. त्यातही खाकरा आलाच.

आणि चार वाजता हजेरी. आबा तीनदा नाव घेणार, भाग्या ओ देणार. मग पुढची पंधरा-वीस मिनिटं बाकीच्यांशी त्याच्या गप्पा चालणार, रोजच्यासारख्या. सुसर शेवटच्या मैलात असताना.

साडेतीन झाले होते. मी खुर्चीत बसून नुसता विचार करत होतो, शब्द नाही पोचत, तर काय पोचतं? खरखरीतून काय पोचतं?

हाका किती आल्या, ते पोचतं.

मी मोटरसायकल काढली. सड्यावरून खाली उतरताना दोनदा घसरलो. सोसायटीत शिरलो तेव्हा चारला पाच कमी होते. आबा चष्मा पुसत होते, समोर होड्यांची यादी.

"आबा, सातेरी प्रसादाक दोनच हाको मारा."

आबांनी चष्मा खाली ठेवला. "तुका येड लागला काय? जित्या माणसाक दोन हाको मारूच्यो नसतत."

"तो जितो रवाचो म्हणानच सांगतंय."

"काय झाला?"

"सांगूक वेळ नाय. त्याने ओ दिल्यान तर तो मेलो. सहाच्या सहा मेले. पाण्यातला काय तरी त्याच्या आवाजावर येतासा, आबा. खऱ्यान येतासा."

मी रडत होतो बहुतेक. आबांनी माझ्याकडे बघितलं. साठ वर्षं त्यांनी ज्या गोष्टीला भ्यायला शिकवलं होतं, ती आज खरंच आलीय, असं त्यांना वाटलं असणार. आणि ते काही खोटं नव्हतं. त्यांनी माईक उचलला. 

"सातेरी प्रसाद."

खरखर.

"सातेरी प्रसाद."

आणि बटण सोडलं.

कुणी बोलेना. सगळ्या होड्या ऐकत होत्या, पण एकाही तांडेलाचा आवाज नाही. अख्ख्या दर्याने श्वास धरल्यासारखा. आबांनी डोळे मिटले.

भाग्याने ओ दिला नाही.

ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट मिनिट. ओ आला नाही, म्हणजे त्याला कळलं? की सुसर आधीच पोचली? गप्प बसलेला माणूस आणि मेलेला माणूस, वायरलेसवर दोन्ही सारखेच ऐकू येतात.

आबांनी घसा खाकरला आणि पुढची होडी घेतली. तीन हाका. ओ आला. पुढची. तीन हाका. ओ आला. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

फोन वाजला. मॅडम.

"रोहिदास, तो गप्प आहे. तिकडी आत्ताच डोक्यावरून गेली, त्याच्या जागेवरून काहीच आलं नाही."

"मग?"

"एकोणीस नंबर बोलतंय पण. आत्तासुद्धा. कालवीच्या टेकडीवरून. तिथे कुठला सेट आहे?"

टेकडीवर सोसायटीच्या वायरलेसची डोलकाठी आहे. खाली तिचा सेट. आबांच्या हातात.

तीन पट्ट्या होत्या. जहाजावर एकाहून जास्त सेट असतात, आणि यादीत सगळ्यांचे खाकरे असतात. एक पट्टी मी भाग्याला लावली. आणि सगळ्यात चांगली वाटली ती सोसायटीच्या सेटला, हजेरी लांबपर्यंत जावी म्हणून.

मी झेपावलो आणि वायर उपटली. आबा "मेल्या!" म्हणून ओरडले.

"सुसरीने ताजी जागा घेतलीय," मॅडम म्हणत होत्या. "ती वळली. सव्वापाचला तुमच्याकडे असेल."

ज्या दोन हाकांनी भाग्याला गप्प केलं, त्याच दोन हाकांनी ती आमच्याकडे वळली.

जेटीवर तीस होड्या लागलेल्या, लिलाव चालू, दोन-अडीचशे माणूस. सेट मेला होता, त्यामुळे ती फुटायला नको होती. पण नको होती आणि नाही यात फरक आहे, आणि मी एवढ्यात एकदा चुकलो होतो. आबा आणि मी ओरडत फिरलो, वर जा, देवळाकडे जा. एक काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि ही टोपली कोण उचलतलो, तुझो बापूस?" मी टोपली उचलली. मग तिच्या मागून बाकीच्या निघाल्या. प्रत्येक होडीवर चढून मी सेटाची वायर काढली.

सव्वापाचला खाडीच्या तोंडाशी पाणी फुगलं. करडी पाठ, चिरलेल्या लाकडासारखी. खडकाजवळ येऊन थांबली. आवाज नाही, दिवा नाही. लाटेबरोबर वरखाली. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवरून बघत होतो आणि कुजबुजतसुद्धा नव्हतो. तिला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. तरी मीही कुजबुजत नव्हतो.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. भाग्या जिवंत असेल, तर दोन हाका ऐकून तो घरी निघाला असेल. घरी यायची वाट याच तोंडातून आहे. सुसरीच्या बाजूने. आणि त्याचा सेट चालू आहे.

तो आला. सूर्य टेकला होता. आधी डोलकाठी दिसली, मग नाळ, होडीचं पुढचं टोक. सहा माणसं मोजली. परत मोजली. सहा.

नंतर त्याने सांगितलं ते इथेच लिहितो. चारनंतर काही मिनिटांत त्याला ती दिसली होती, सरळ त्याच्याकडे येताना. लांबवर, पाण्यावर फेसाची एक सरळ रेघ. मग वळली आणि गावाच्या दिशेने गेली. त्याच्या हातात माईक होता. खलाशी ओरडत होते, गावाक सांग, अरे सांग! "बोटां बटणावर होती," भाग्या म्हणाला. "पण दोन हाको आयकल्लंय मां. तिसरी येयना. मी माझीच जीभ चावून धरलंय." खरंच चावली होती. हनुवटीवर रक्त सुकलेलं होतं.

आता तो तोंडाशी आला. जेटी रिकामी, एक माणूस नाही, सगळ्या होड्या सोडून दिल्यासारख्या. आणि खडकाजवळ ती पाठ. मला लांबून दिसलं, त्याने माईक पुन्हा उचलला. साहजिक आहे. गावाचं काय झालं हे कोण विचारणार नाही?

मी पायऱ्या उतरत धावलो. जेटीच्या टोकाला गेलो. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"भाग्याऽऽ!"

सुसर त्याच्यापासून शंभर हातांवर असेल.

"भाग्याऽऽ!"

त्याचं डोकं वळलं. माईक ओठांजवळ.

माझा आवाज फाटला होता. पोटातून काढली तिसरी.

"भाग्याऽऽ!"

तो थांबला. माईक खाली गेला. मग नुसत्या तोंडाने, आख्ख्या खाडीत घुमेल असा, त्याने ओ दिला.

"ओऽऽ!"

सुसर हलली नाही. लाटेबरोबर वर गेली, खाली आली.

होडी लागल्याबरोबर मी चढलो आणि सेट खोलला. भाग्या बाजूला बसून मला बघत होता. बोलताना ओठ हलत नव्हते त्याचे नीट. "दोन हाको मारल्यो, मेल्या. माका वाटला गाव बुडालो."

मी त्याला सगळं सांगितलं. पट्टी माझ्या हातात होती, बोटाएवढी. त्याने ती घेऊन उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाला, "ही लावताना तू माका म्हणालंस, आता तुझी बडबड गोव्यापर्यंत आयकाक येतली." मी मान खाली घातली. त्याने माझ्या डोक्यात टपली मारली, नेहमीपेक्षा जोरात.

अठ्ठेचाळीस तासांनी सुसर गेली. एकोणीस नंबर मात्र यादीत आहे. त्याला बुडताना कुणी बघितलं नाही आणि तुटताना कुणी बघितलं नाही, म्हणून आहे. मॅडम अजून फोन करतात. समिती बसायची आहे.

आणि आता ते, ज्यासाठी हे लिहितोय.

पट्ट्या तीन होत्या. एक भाग्याकडून काढली. एक सोसायटीच्या सेटातून. दोन्ही मी घणाने ठेचल्या. तिसरी माझ्या डब्यात नाही.

मी चार रात्री आठवतोय. बंदी सुटायच्या आठवडाभर आधी एक तांडेल आला होता. आमच्या बंदरातला नाही. इंजिनाच्या कामाला खाडीत थांबला होता. सेट गळ्यात लटकवून आला, म्हणाला आवाज जात नाही. मी अर्ध्या तासात पट्टी बदलून दिली. घाईत होता. नाव विचारलं नाही, होडीचंही नाही. उत्तरेचा असेल, बोलण्यावरून वाटलं. उजव्या कानात बाळी होती. एवढंच.

मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या झाकणाला आतून निळ्या रंगाचा ठिपका लावतो. तुमच्या सेटला तसा असेल, तर बटण दाबू नका. कुणी हाक मारली तरी. तीनदा मारली तरी. तुमचा तांडेल ओळखीचा असेल आणि त्याच्या कानात बाळी असेल, तर हे त्याला तोंडाने सांगा. वायरलेसवर नको.

उद्या सकाळी मी निघतोय. बंदर न् बंदर, खाडी न् खाडी, उत्तरेकडे. स्क्रू ड्रायव्हर आणि दोन शर्ट. भाग्या येतो म्हणत होता. मी नको म्हटलं, सहा माणसांचं पोट त्याच्या होडीवर आहे. मग तो म्हणाला, "आणि गावलो नाय तर?"

मी त्याला हात देऊन सांगितलंय, ते इथेही लिहून ठेवतो.

भाग्या, तो सेट गावल्याशिवाय मी परत येऊचंय नाय. गावलो काय त्याच जेटीच्या टोकार उभो रवान तुका तोंडान हाक मारतलंय. एक नाय, दोन नाय, तीन.